शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट

पाठदुखी ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळीत शोधूनही सापडणार नाही. भोपाळला नेहरूनगरात आमच्याकडे कोणाची कंबर धरली की शेजारीपाजारी आधी मालिशवाल्याचे नाव सांगतात, मग एखाद्या तेलाचे, आणि कशानेच भागले नाही तर डॉक्टरांचे. आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांत बिब्बा घालण्याची व डाग देण्याची चाल होती. बहुतेक पाठदुखी थोड्या आठवड्यांत आपोआपच उतरते. त्यामुळे जो उपाय शेवटी केला त्याला यश आल्यासारखे वाटते. परंतु काही थोड्यांची पाठ निराळ्याच कारणाने दुखत असते, आणि ते कारण वेळीच ओळखले नाही तर चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. ही ओळख कशी करावी याची वाट ज्यांनी घालून दिली, त्यांत अठराव्या शतकातील इंग्लंडचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. मणक्यांच्या क्षयाला डॉक्टर लोक आजही पॉटचा आजार म्हणतात.

पॉट यांचा जन्म ६ जानेवारी १७१४ रोजी लंडन शहरात झाला. वडील गेले तेव्हा पर्सिव्हल अवघा तीन-चार वर्षांचा होता. आईच्या नात्यातील जोसेफ विल्कॉक्स हे पुढे रॉचेस्टरचे बिशप झाले. त्यांनी या विधवेला व तिच्या मुलाला हात दिला. मुलाने पाळक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण त्याचे मन शस्त्रक्रियेकडे ओढ घेत होते. १७२९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यवैद्य एडवर्ड नोर्स यांच्या हाताखाली त्याला सात वर्षांच्या उमेदवारीसाठी ठेवले. नोर्स शरीररचनेवर व्याख्याने देत. त्यासाठी प्रेते उघडून अवयव मांडून ठेवण्याचे काम या उमेदवाराकडे असे. काम किळसवाणे खरे, पण माणसाचे शरीर आतून कसे असते हे त्याला पुस्तकातून नव्हे तर हाताने कळले.

त्या काळी इंग्लंडात शल्यवैद्य आणि न्हावी यांचा एकच संघ होता. १७४५ साली ते वेगळे झाले. पॉट १७४९ मध्ये त्याच रुग्णालयाचे पूर्ण शल्यवैद्य झाले. तेथे जखमा भाजून काढण्यासाठी तापवलेले लोखंड ही रोजची गोष्ट होती. शल्यवैद्य फेरीला निघाले की लोखंड तापवून तयार ठेवीत. पॉट यांना ही रीत क्रूर व निरुपयोगी वाटे, आणि ती मागे पडावी म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली. पुढे त्यांच्याच हातून याच्या उलट काय झाले ते ओघाने येईलच.

१७५६ सालच्या जानेवारीतील एक प्रसंग त्यांचे जावई जेम्स अर्ल यांनी लिहिलेल्या चरित्रात आला आहे. लंडन ब्रिजच्या दक्षिणेकडील केंट रस्त्याने घोड्यावरून जात असता ते खाली पडले. पायाचे हाड मोडून कातडी फाडून बाहेर आले. लोक धावले, पण पॉट यांनी कोणालाही आपल्याला उचलू दिले नाही. मोडलेले हाड हिंदकळले तर काय होते हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्या काळी लंडनमध्ये पालखीसारख्या बंद खुर्चीतून माणसे वाहून नेणारे भोई असत. अशा दोन भोयांना दांड्यांसह घेऊन येण्यास त्यांनी निरोप धाडला आणि ते येईपर्यंत गारठलेल्या फरसबंदीवर पडून राहिले. तेवढ्यात एक दार विकत घेतले. भोई आल्यावर दांडे त्या दाराला ठोकवले, त्यावर स्वतःला अलगद ठेववून घेतले आणि पूल ओलांडून वॉटलिंग स्ट्रीटवरील आपल्या घरी आले. अपघातातल्या माणसाला गाठोड्यासारखे उचलून रिक्षात कोंबण्याची आपली सवय पाहिली म्हणजे हे दार आठवावे.

घरी शल्यवैद्य जमले. अशा मोडीत जखम चिघळून माणूस दगावत असे, म्हणून पाय कापावा असे ठरले. पॉट यांनीही संमती दिली. हत्यारे मांडून झाली होती, इतक्यात त्यांचे जुने गुरू नोर्स येऊन पोचले. त्यांनी पाय पुन्हा तपासला आणि तो वाचण्यासारखा आहे असे मत दिले. पाय वाचला. सक्तीच्या त्या विश्रांतीत पॉट यांनी अंतर्गळावरील आपला ग्रंथ लिहायला घेतला. तोपर्यंत त्यांच्या हातून फारसे लिखाण झाले नव्हते. येथून पुढे ते लिहीतच राहिले. घोट्याजवळच्या ज्या मोडीला पॉट यांचे नाव आहे तीच त्यांच्या पायाला झाली होती असे पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

१७६८ मध्ये मोडलेल्या व निखळलेल्या हाडांवर त्यांनी पुस्तक काढले. मोडलेला पाय ताणून सरळ बांधण्याऐवजी सांधा थोडा वाकवून ठेवावा, म्हणजे ओढणारे स्नायू सैल पडतात व हाड जागेवर बसते, हा त्यातील मुख्य विचार होता. १७७५ साली त्यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाविषयी लिहिले. लहान, दरिद्री मुलांना अरुंद धुराड्यांतून वर चढवीत, आणि मोठेपणी त्यांच्यापैकी काहींना गुह्यभागाच्या कातडीचा कर्करोग होई. लोक तो दुराचाराचा रोग समजत. पॉट यांनी सांगितले की कारण कातडीच्या सुरकुत्यांत साचणारी काजळी हे आहे. धंद्यातील एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होतो हे प्रथम त्यांनी दाखवले. या एका गोष्टीवर वेगळा लेख होऊ शकेल.

आता पाठीच्या कण्याकडे वळू. त्यावरील पॉट यांची पुस्तिका १७७९ मध्ये निघाली आणि तिची पुरवणी १७८२ मध्ये.

त्यांच्याकडे अशी मुले आणली जात, क्वचित मोठी माणसेही, की ज्यांचे पाय लुळे पडत चालले होते. चालणारे मूल चालायला नाखूश होई, अडखळे, पायात पाय अडकून पडे आणि शेवटी उभेच राहीना. वैद्य पायांना औषध करीत, कारण दुखणे पायांत दिसे. पॉट यांनी मुलाला पालथे करून पाठ पाहिली. कण्याच्या एखाद्या जागी, मानेत, पाठीत किंवा कंबरेत, एक-दोन मणके मागे उचलले गेलेले दिसत. कधी ही उचल इतकी लहान असे की आईच्याही नजरेस आलेली नसे.

त्यांनी पुढचे निरीक्षण केले ते फार बारीक आहे. नेहमीच्या पक्षघातात हातपाय ढिले पडतात. या मुलांचे पाय ढिले नव्हते, ताठ होते. घोटे आखडलेले, पंजे खाली वळलेले. म्हणजे हा निराळा रोग होता. शिवाय कुबड मोठे तर लुळेपणा जास्त, लहान तर कमी, असा हिशेबही जमेना. आईबाप सांगत की मूल पडले, किंवा सांभाळणाऱ्या बाईने पाडले. बिचाऱ्या कितीतरी दायांवर हा ठपका आला असेल! पॉट म्हणत की मणका पडल्यामुळे सरकलेला नाही, तो आधीच आतून सडलेला आहे. मेलेल्या रोग्यांचे कणे उघडून त्यांनी ते दाखवले: मणक्यांचा पुढचा भाग किडलेला, मधल्या चकत्या नाहीशा झालेल्या. ज्यांच्या मानेला गाठी येतात त्याच प्रकृतीच्या लोकांत हा रोग दिसतो हेही त्यांनी नोंदवले. म्हणून पोलादी पट्टे घालून, मुलाला टांगून किंवा मळसूत्राच्या खुर्चीत आवळून कणा सरळ करण्याचे प्रकार त्यांनी टाकाऊ ठरवले.

पॉट यांना क्षयाचा जंतू माहीत नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८२ मध्ये दाखवला. उपचारात तर पॉट चुकलेच असे म्हणावे लागते. कुबडाच्या दोन्ही बाजूंना दाहक क्षार लावून ते व्रण करीत आणि महिनोन्‌महिने वाहते ठेवीत. तापल्या लोखंडाच्या विरुद्ध झगडलेल्या माणसाने लहान मुलांच्या पाठी अशा जाळाव्यात याचे वाईट वाटते. काही मुले खरोखर बरी झाली, त्यामुळे त्यांचा विश्वास बळावला. पण गुण आला तो बहुधा त्या काळात निजून राहिल्यामुळे. फ्रान्समध्ये रूआं शहराचे शल्यवैद्य झां-प्येर दाव्हीद यांनी त्याच १७७९ साली हाच रोग वर्णिला व विश्रांती हाच उपाय सांगितला. नाव मात्र पॉट यांचे राहिले.

नंतरही दीडशे वर्षे विश्रांतीपलीकडे फारसे काही हाती नव्हते. मिरजेच्या मिशनने क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीला आरोग्यधाम काढले तेव्हा मोकळी हवा, सकस अन्न आणि निजून राहणे हीच औषधे होती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, आणि त्यामागून आलेल्या गोळ्यांनी चित्र पालटले. वाराणसीचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली आपल्या रोग्यांच्या अनुभवावरून दाखवले की मणक्याचा क्षय झालेल्या बहुतेकांना केवळ औषधांनी गुण येतो. औषधांनी उतार पडला नाही किंवा पायांतील कमजोरी हटली नाही तरच शस्त्रक्रिया करावी. आज हे औषध सरकारी क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य मिळते. ते साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त, घ्यावे लागते. बरे वाटताच गोळ्या सोडणारे फसतात.

म्हणून आजही सारे अवलंबून आहे ते वेळीच ओळखण्यावर. सर्वसाधारण पाठदुखी वाकल्याने, ओझ्याने वाढते आणि पडून राहिले की कमी होते. क्षयाची पाठदुखी हळूहळू महिनोन्‌महिने वाढत जाते, रात्री जागे करते, विश्रांतीने थांबत नाही. जोडीला संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे असू शकते; पण हे सर्व नसूनही रोग असू शकतो, आणि खोकला तर पुष्कळांना नसतोच. कण्याच्या एकाच हाडावर बोटाने ठोकले की तेथेच नेमके दुखते. पायांत मुंग्या, जडपणा, चालताना तोल जाणे, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे हे दिसले तर एक दिवसही दवडू नये. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. सुरुवातीचा एक्स-रे चांगला आला म्हणजे सुटलो असे होत नाही, कारण हाड बरेच झिजल्याखेरीज ते एक्स-रेत उमटत नाही. एम.आर.आय. तपासणीत रोग लवकर दिसतो. मग सुईने तुकडा काढून जंतूची परीक्षा केली की पक्के होते. इतर जंतू आणि कर्करोगही असेच सोंग घेतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मुले दर आठवड्याला दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलताना निरोगी मूल कंबरेत सहज वाकते. ज्याचा कणा दुखतो ते मूल पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसते, पेन्सिल घेते आणि मांड्यांवर हात टेकीत उठते. पूर्वी खेळणारे मूल असे करू लागले तर त्याच्या आईशी बोलावे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीचा धडा आपण शिकवतोच. तिचा रोग कोणता होता यावर डॉक्टरांनी पुष्कळ तर्क केले आहेत, ते तर्कच. पण सभास्थानात तिच्याकडे इतकी वर्षे कितीजणांनी नीट पाहिले असेल, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे.

असो. पॉट १७८७ मध्ये रुग्णालयातून निवृत्त झाले. आईला सोडून जायचे नाही म्हणून त्यांनी ती जिवंत असेतो लग्न केले नव्हते. १७४६ मध्ये ती वारल्यावर सेरा क्रटेन्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत पुढे जगप्रसिद्ध झालेले जॉन हंटर हेही होते. निवृत्तीनंतरही खाजगी रोग्यांना तपासणे चालूच होते. १७८८ च्या डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत लंडनपासून वीस मैलांवर एका रोग्याला पाहायला गेले असता त्यांना सर्दी झाली. आधी त्यांनी ती मनावर घेतली नाही. पुढे तिचे न्यूमोनियात रूपांतर झाले, आणि २२ डिसेंबर रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ते वारले. सेंट मेरी आल्डरमेरी या मंदिरात आईच्या कबरेजवळ त्यांना पुरण्यात आले.