डॉ. होमी भाभा : सहीच्या आधीची लढाई

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. आमच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी परदेशातल्या एका कंपनीकडून जायरो सेन्सर मागवला. ड्रोन कलला की त्याला परत सरळ करायचं, एवढंच त्याचं काम. सेन्सर काही आला नाही, पण एक फॉर्म आला. ही वस्तू क्षेपणास्त्रात वापरणार नाही, दुसऱ्या कुणाला देणार नाही, वगैरे वगैरे, आणि खाली सही करा. आम्ही पोट धरून हसलो. ज्यांना मेसची पोळी धड तोडता येत नाही, ते मिसाइल काय बनवणार? मी न वाचताच सही ठोकली.

फॉर्म बघून सरांनी विचारलं, की वाचलास का हा? मी गप्प. ते म्हणाले, की अशाच एका सहीआधी होमी भाभा साऱ्या जगाशी भांडले होते, जरा वाचून बघ. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. भाभा म्हणजे माझ्यासाठी जी.के.मधला एक मार्काचा प्रश्न. म्हणून लायब्ररीत जाऊन बसले. जे समजलं ते माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. आपल्यापैकी निम्म्यांची असते तीच त्यांचीही कथा! घरच्यांना मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर व्हायला हवा होता, म्हणजे पुढे टाटांच्या जमशेदपूरला चिकटला असता. केंब्रिजमध्ये गेल्यावर त्यांनी वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं, की माझा जीव फिजिक्समध्ये आहे. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंग फर्स्ट क्लासमध्ये पास हो. १९३० मध्ये ते झाले, आणि मग मनासारखं शिकले. पुढे कॉस्मिक किरणांवरच्या कामाने त्यांचं नाव झालं. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टी.आय.एफ.आर., १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग. चित्रं काढायचे, संगीताचं वेड होतं, आणि बांधकामाच्या आड येणारं झाड तोडण्याऐवजी दुसरीकडे हलवून लावायचे.

पण मला सांगायचे आहेत ते वाटाघाटी करणारे भाभा. १९५५ साली जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ८१ देश आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरवायला बसले. खरा वाद होता तपासणीचा. ज्या देशाला मदत मिळेल, त्याच्या अणुभट्ट्या संस्थेने तपासायच्या आणि तयार झालेल्या प्लुटोनियमवरही हक्क सांगायचा, असा मसुदा होता. भाभांचा मुद्दा सरळ होता. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांना मदत नको, म्हणून तपासणीही नाही. आणि ज्यांना वीज हवी आहे त्या गरीब देशांवर मात्र कायमची नजर. म्हणजे जगात दोन जाती झाल्या की! शिवाय आपल्याकडे युरेनियम कमी आणि केरळच्या किनाऱ्यावर थोरियम भरपूर. थोरियमपर्यंत पोचायचं तर मधला टप्पा प्लुटोनियमचा. तेच सोडून दिलं तर पुढचा सगळा प्लॅनच कोसळतो. शेवटी तडजोड झाली : संशोधनाला आणि भट्ट्यांना लागेल तेवढं प्लुटोनियम देशाने देखरेखीखाली स्वतःकडे ठेवावं, जास्तीचं संस्था मागू शकेल.

त्याच १९५६ मध्ये कॅनडाशी ट्रॉम्बेच्या ४० मेगावॅटच्या सायरस भट्टीचा करार झाला. जड पाणी अमेरिकेचं. अट एकच, वापर शांततेसाठीच. तपासणी नाही, फक्त शब्द. १९६३ मध्ये तारापूरसाठी अमेरिकेशी करार करताना मात्र भाभांनी देखरेख मान्य केली. म्हणजे हट्टी होते, पण कुठे सोडायचं तेही कळत होतं.

२४ जानेवारी १९६६. व्हिएन्नाला त्याच संस्थेच्या बैठकीला जाताना एअर इंडियाचं कांचनजंगा विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. ११७ जण गेले, त्यात भाभा. वय अवघं ५६.

गोष्ट इथे संपत नाही. १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं. भारताने त्याला शांततामय म्हटलं. कॅनडाला मात्र ती फसवणूक वाटली आणि त्यांनी सहकार्य तोडलं. त्यातूनच अणुपुरवठादार देशांचा गट जन्मला. १९८७ मध्ये सात देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानासाठी तशीच नियमावली केली, एम.टी.सी.आर. तिच्याच जोरावर अमेरिकेने १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध लादले, आणि १९९३ मध्ये रशियाने क्रायोजेनिक इंजिनं देऊ केली, पण तंत्रज्ञान नाही. आपल्या इंजिनाने जी.एस.एल.व्ही. यशस्वीपणे उडायला ५ जानेवारी २०१४ उजाडलं. २०१६ मध्ये भारत स्वतःच एम.टी.सी.आर.मध्ये गेला. म्हणजे आता असे फॉर्म आपणही दुसऱ्यांकडून भरून घेतो!

खरं सांगू? वाचताना मी दोन्ही बाजूंनी भांडले. दोन जातींबद्दल भाभा बरोबर होते, असं मला आजही वाटतं. पण कॅनडाच्या जागी मी असते तर? शब्दावर विश्वास ठेवून वस्तू द्यायची आणि १८ वर्षांनी पेपरात हे वाचायचं? याचं उत्तर मला सापडलेलं नाही. हॉस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत वाद घातला, तरी नाही.

एक मात्र कळलं. भाभा सही करण्याआधी भांडले, कारण सही केल्यावर ती पाळावी लागते हे त्यांना माहीत होतं. मी तो फॉर्म परत मागितला, दोनदा वाचला आणि मग नवीन सही केली. सेन्सर सबमिशन झाल्यावर आठ दिवसांनी आला. तोवर आम्ही स्वस्तातल्या सेन्सरवर ड्रोन उडवला होता. थोडा वाकडाच उडाला, पण उडाला!