छडी नाही, बक्षिसाचं आमिषही नाही : अनुताई वाघ यांनी पोरांना वळण कसं लावलं

चांदवड : आज अंगणवाडी नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. पण हा शब्द कुठून आला, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. अंगणात भरते ती अंगणवाडी. डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर ही कल्पना ज्या दोन बायांनी राबवली, त्यातल्या एक अनुताई वाघ. आणि या अनुताईंच्या मास्तरकीची सुरुवात झाली ती आपल्या नाशिक जिल्ह्यात, चांदवड तालुक्यात.

पोरगं ऐकत नाही, वर्गात बसत नाही, मारामाऱ्या करतं, शाळेचं नाव काढलं की पळून जातं. ही तक्रार आजही प्रत्येक गावात ऐकायला मिळते. अनुताईंनी जवळपास सगळं आयुष्य याच पोरांसोबत काढलं. त्यांच्या कामातून एकच गोष्ट दिसते. पोराला वळण लावायचं असेल तर आधी शाळेला वळण लावावं लागतं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच नवरा वारला. विधवा मुलीने घरात कोपरा धरून बसायचं, असा तो काळ. पण अनुताईंनी पुस्तक सोडलं नाही. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या. पुढे पुण्यात शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं आणि १९२९ साली चांदवड तालुक्यात खेड्यातल्या शाळेवर रुजू झाल्या. वय अवघं १९. एकट्या विधवा तरुणीने खेड्यात राहून पोरं शिकवायची, हे तेव्हा सोपं नव्हतं. तरी १९३३ पर्यंत त्यांनी ही नोकरी केली. खेड्यातलं पोर शाळेत येण्याआधी घरी काय काय करून येतं, हे समजायला या वर्षांनी हात दिला असणार.

पुढची बरीच वर्षं त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत होत्या. दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचं, असं करत त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली ती थेट १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी. अभ्यास करा असं पोरांना नुसतं सांगून भागत नाही, मास्तरला स्वतः शिकताना पोरांनी बघावं लागतं.

१९४५ साली आयुष्याला कलाटणी मिळाली. ताराबाई मोडक यांची गाठ पडली. ताराबाईंनी गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं. आता त्यांना ते खेड्यात न्यायचं होतं. अनुताई पुण्याची नोकरी सोडून डहाणू तालुक्यात बोर्डीला गेल्या. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. त्याच वर्षी त्या पट्ट्यातले वारली लोक गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पोटालाच नव्हतं, तिथे शाळेचं कोण बघणार?

बालवाडी सुरू झाली, पण आदिवासी पोरं येईनात. ही पोरं आळशी, घाणेरडी, यांना शिकायचंच नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ताराबाई आणि अनुताईंनी तसं केलं नाही. पोर येत नाही तर का येत नाही, हे त्यांनी पाड्यावर जाऊन बघितलं. एकेक कारण सापडलं आणि एकेकाला इलाज केला.

पोर शाळेपर्यंत येत नाही, मग शाळाच पाड्यावर न्यायची. कुणाच्या तरी अंगणात पोरं गोळा करायची. तीच अंगणवाडी. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंडं असतं, म्हणून ती येत नाही. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरवायची. धाकटं पाळण्यात, मोठी वर्गात. याला विकासवाडी नाव पडलं. पोरगं गुरं वळायला जातं, म्हणून येत नाही. मग शिक्षकानेच कुरणात जायचं. गुरं चरतात तिथेच शाळा. ही कुरणशाळा.

पोरं अस्वच्छ असायची. त्यावरून त्यांना बोलून लाजवायचं नाही, तर अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. ज्या पोराला मायेने हात लागतो, ते दुसऱ्या दिवशी आपणहून येतं. स्वच्छतेचा धडा पुस्तकातून नाही, बादलीतल्या पाण्यातून शिकवला गेला.

मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची साधनं महाग. खेड्याला परवडणारी नाहीत. म्हणून इथे खडे, बिया, पानं, शिंपले, माती हीच साधनं झाली. बियांनी मोजायचं, पानांनी आकार ओळखायचे. यामागे एक साधा हिशोब आहे. हाताला काम आणि डोक्याला खुराक मिळाला की खोडी काढायला पोर मोकळं राहत नाही. वर्गातला बराचसा गोंधळ रिकाम्या हातांचा असतो.

या बालशिक्षणात छडीला जागा नाही, हे बऱ्याच जणांना पटतं. पण बक्षिसाच्या आमिषालाही जागा नाही, हे ऐकून पालक चक्रावतात. कारण असं, की माराच्या भीतीने गप्प बसलेलं पोर मास्तरची पाठ वळली की दंगा करतं. आणि खाऊसाठी शहाणं वागलेलं पोर खाऊ बंद झाला की शहाणपणही बंद करतं. दोन्हीकडे वागणं दुसऱ्याच्या हातात राहतं. एकाला बक्षीस दिलं की बाकीची पोरं हरलेली ठरतात, ते वेगळंच. चांगलं वागण्याची गोडी पोराला आतून लागली पाहिजे. ती लागते कामातून, विश्वासातून आणि मोठी माणसं कशी वागतात ते बघून.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सगळी पोरं लगेच शाळेला चिकटली असं नाही. गरिबी आणि मजुरी पोरांना ओढून नेतच होती. १९७३ साली ताराबाई गेल्या, तरी अनुताई मागे हटल्या नाहीत. १९८२ साली, वयाच्या बहात्तरीत, त्यांनी रमेश पानसे यांच्यासोबत ग्राममंगल ही संस्था उभी केली. १९८५ साली पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचं निधन झालं.

त्यांचं काम मात्र सरकारच्या दारापर्यंत पोचलं होतं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यावर बंदी घातली. कायदा झाला, छडी गेली. पण छडीच्या जागी काय आणायचं, ते कायदा शिकवत नाही. ते अनुताईंच्या कामात बघायला मिळतं.

आजही सुरगाणा, पेठकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, निफाडला कामाला उतरतात. सोबत पोरं असतात. शाळेच्या हजेरीत त्यांच्या नावापुढे गैरहजर एवढंच लागतं. अनुताई असत्या तर त्या पोराला कामचुकार म्हणाल्या नसत्या. वही बंद करून त्या आधी वावराच्या बांधावर गेल्या असत्या.