सूरश्री केसरबाईंच्या तबकड्या

आपल्या चंदगडाहून तिलारीचा घाट उतरला की गोवा काही दूर नाही. तेथल्या केरी गावी १८९२ साली केसरबाई केरकर जन्मल्या. आठव्या वर्षी त्या कुटुंबासह कोल्हापुरास आल्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी काही महिने शिकल्या. पुढे १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम मिळाली.

ध्वनिमुद्रणास मात्र बाई सहसा राजी नसत. तासभर फुलवायचा राग तबकडीच्या तीन मिनिटांत कसा मावावा? कोणी याला हेका म्हणेल. मला त्यात स्वतःच्या विद्येवरचा अधिकार दिसतो. तरी थोड्या तबकड्या निघाल्याच, आणि त्यांतली भैरवी मला फार प्रिय!

तीच साडेतीन मिनिटांची भैरवी अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीसाठी निवडली गेली. त्या तबकडीवर भारताचे संगीत एवढेच. मूळ तबकडी न्यूयॉर्कमधील एका लहानशा दुकानात सापडली. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. १६ सप्टेंबरला बाई निवर्तल्या. २०१२ साली भैरवीसह ते यान ताऱ्यांमधील अवकाशात शिरले.