नामदार गोखले आणि सेवेच्या सात प्रतिज्ञा

काटोल : एकोणीस फेब्रुवारी हा दिवस महाराष्ट्रात शिवजयंतीच्या उत्साहात साजरा होतो. काटोलसारख्या तालुक्याच्या गावीही मिरवणुकीच्या बंदोबस्तापासून रक्तदान शिबिरापर्यंतची कामे स्वयंसेवकांच्याच बळावर पार पडतात. याच तारखेला, १९१५ साली, पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले. पुण्यतिथी म्हणून ती फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. परंतु सेवाभावी संस्था आणि तिचा सेवक यांनी एकमेकांकडून नेमकी कशाची अपेक्षा करावी, हे कागदावर उतरवून ठेवण्याचा ठोस प्रयोग महाराष्ट्रात ज्यांनी केला, त्यांत गोखल्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विधिमंडळातील त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. मात्र या प्रयोगाची आठवण आज अधिक उपयोगी ठरावी.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालत असे. आपल्या शिक्षणापायी कोणी कशाचा त्याग केला आहे, हे या मुलाला रुपये-आण्यांत ठाऊक होते. सार्वजनिक पैशाविषयीचा त्यांचा पुढील काटेकोरपणा या घरच्या संस्कारातून आला असावा.

वीस वर्षांचे वचन

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली पदवी घेतल्यावर गोखल्यांना चांगल्या नोकरीच्या वाटा मोकळ्या होत्या. त्यांनी मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकविण्यास प्रारंभ केला आणि १८८६ मध्ये ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या ध्येयवादातून उभ्या राहिलेल्या या संस्थेत आजीव सदस्याने वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावयाची, असा दंडक होता. गोखल्यांचे वेतन दरमहा ७५ रुपये होते. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले.

सेवेची मुदत ठरलेली होती, वेतन ठरलेले होते. तथापि, एका प्रश्नाचे सर्वांना मान्य असे उत्तर नव्हते : आजीव सदस्याने संस्थेबाहेरचे काम करावे की नाही? शिकविण्याचे तास संपल्यानंतरचा वेळ त्याचा स्वतःचा की संस्थेचा? टिळकांच्या मते आजीव सदस्याने आपली सारी शक्ती संस्थेलाच वाहिली पाहिजे. वर्गातील कर्तव्य पार पाडल्यावर उरलेल्या वेळात सदस्याने काय करावे हा त्याचा प्रश्न आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. वेतनवाढ आणि बाहेरून मिळणारे पैसे यांवरूनही कुरबुरी चालू होत्या. अशा वातावरणात १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि वाद विकोपास गेला. त्याच वर्षी टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला.

या प्रकरणाकडे आज दोन थोर पुरुषांतील तात्त्विक भांडण म्हणून पाहिले जाते. तात्त्विक मतभेद होतेच. पण त्यांच्या मुळाशी संस्था चालविण्याची एक साधी उणीवही होती. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, दोन्ही पक्षांनी त्याग केला होता आणि प्रत्येकाला आपलाच अर्थ मूळ ध्येयाशी सुसंगत वाटत होता. जी गोष्ट प्रारंभीच स्पष्ट ठरवून लिहावयास हवी होती, ती सद्भावनेवर सोडली गेली. त्याची किंमत संस्थेला आपल्या एका संस्थापकाच्या रूपाने मोजावी लागली. टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. याच कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन करताना आपल्या सेवकांसाठी प्रतिज्ञा आखल्या, हा योगायोग लक्षणीय आहे.

माफी आणि तिचा धडा

गोखल्यांच्या आयुष्यातील दुसरा कठीण प्रसंग १८९७ सालचा. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले असताना पुण्यात प्लेगची साथ आली. घरझडतीच्या वेळी गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्यांवर विसंबून त्यांनी तेथे गंभीर आरोप केले. पुरावा मागितला गेला, तेव्हा तो पुढे करण्यास कोणी तयार होईना. स्वदेशी परतल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि माहिती देणाऱ्यांवर दोष न ढकलता सारी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी मात्र सार्वजनिक जीवनाचा त्याग न करता प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून स्वतःला जुंपून घेतले. सार्वजनिक कार्यकर्त्याने अभ्यास आणि खातरजमा केल्यावाचून बोलू नये, हा धडा पुढे त्यांच्या संस्थेच्या रचनेत उतरलेला दिसतो.

भारत सेवक समाजाची स्थापना

१९०२ मध्ये गोखले फर्ग्युसनच्या सेवेतून निवृत्त झाले. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळातील त्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण गाजले. पण केवळ भाषणांनी देश उभा राहणार नाही, त्यासाठी आयुष्य वाहून घेतलेले शिक्षित सेवक हवेत, हे त्यांनी ओळखले होते. १२ जून १९०५ रोजी पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या परिसरातील टेकडीवर, भारत सेवक समाजाची स्थापना झाली. शिवराम हरि साठे यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. गोखल्यांनी प्रथम स्वतः प्रतिज्ञा घेतल्या आणि मग नटेश आप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिल्या. जे इतरांकडून मागावयाचे ते आधी स्वतःवर लागू करावयाचे, हा क्रम त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला.

या प्रतिज्ञा सात होत्या. देशाचा विचार सदैव प्रथम ठेवून आपल्यातील सर्वोत्तम ते त्याला अर्पण करणे, ही पहिली. सेवेतून वैयक्तिक लाभ न शोधणे, ही दुसरी. जात व धर्म यांचा भेद न मानता सर्व भारतीयांना बंधू समजणे, ही तिसरी. संस्था स्वतःसाठी व कुटुंबासाठी जी तरतूद करू शकेल तीत समाधान मानून पैसा मिळविण्यात शक्ती न दवडणे, ही चौथी. शुद्ध खासगी आचरण ही पाचवी. कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे, ही सहावी. संस्थेची उद्दिष्टे सतत डोळ्यांपुढे ठेवणे आणि त्यांच्याशी विसंगत असे काही न करणे, ही सातवी.

ही यादी वाचताना १८९० च्या वादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बाहेरच्या कमाईचा प्रश्न चौथ्या प्रतिज्ञेने मिटविला. व्यक्तिगत कलहाला सहाव्या प्रतिज्ञेने आवर घातला. गोखल्यांनी जुना अनुभव समोर ठेवूनच मसुदा केला असावा, असे मानावयास जागा आहे. शिवाय ही केवळ सेवकावर लादलेली बंधने नव्हती. सेवकाने आयुष्य द्यावयाचे, तर त्याच्या संसाराची तरतूद आणि त्याचे शिक्षण ही संस्थेची जबाबदारी, असा हा दुहेरी व्यवहार होता. नव्या सदस्यास पाच वर्षांची उमेदवारी असे. तीत अर्थशास्त्र, इतिहास व सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास आणि देशाटन यांचा समावेश होता. १८९७ चा धडा येथे कामी आला.

विदर्भाशी नाते

या शिस्तीतून तयार झालेली माणसे पुढे निरनिराळ्या क्षेत्रांत चमकली. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुण्याचे सेवासदन उभारण्यात पुढाकार घेतला. ना. म. जोशी कामगार चळवळीचे अग्रणी झाले. ठक्करबाप्पांनी १९१४ मध्ये मुंबई महापालिकेची नोकरी सोडून समाजात प्रवेश केला आणि आदिवासींच्या सेवेत आयुष्य वेचले. नागपूरकरांशी तर समाजाचा जवळचा संबंध आला. १९११ साली गोखल्यांच्या प्रेरणेने नागपुरात 'हितवाद' हे इंग्रजी पत्र सुरू झाले. काटोलच्या घरांतही पोहोचणाऱ्या या पत्राचा उगम अशा एका सेवकसंस्थेत आहे, याची कल्पना आज थोड्यांनाच असेल.

गांधीजींचा प्रसंग

लिखित नियमांची खरी कसोटी लागते ती मोठ्या माणसाच्या बाबतीत. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले. गोखल्यांना ते गुरुस्थानी मानीत, आणि गांधीजी समाजाचे सदस्य व्हावेत अशी गोखल्यांचीही मनापासून इच्छा होती. परंतु गांधीजींची कार्यपद्धती आणि समाजाची ध्येयधोरणे यांत अंतर असल्याचे इतर सदस्यांना वाटत होते. गोखल्यांनी आपला अधिकार वापरून त्यांना आत घेतले नाही. सदस्यांच्या निर्णयाची वाट पाहावयाची, पण प्रेमात उणे पडू द्यावयाचे नाही, असा मार्ग त्यांनी काढला. गांधीजींच्या नियोजित आश्रमाच्या खर्चाचा भारही त्यांनी उचलण्याचे ठरविले. वर्षभर देश पाहावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन मात्र त्यांनी गांधीजींकडून घेतले. काही आठवड्यांतच गोखले गेले. त्यानंतर गांधीजींनी प्रवेशासाठी प्रयत्न केला, सदस्यांत मतभेद दिसले, तेव्हा कोणाची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. दोन्ही बाजूंना एकमेकांची अपेक्षा आधीच ठाऊक होती, म्हणून हा नकार कटुतेशिवाय पार पडला. १८९० आणि १९१५ या दोन प्रसंगांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

गोखल्यांच्या प्रयोगाला मर्यादा होत्या, हेही नमूद केले पाहिजे. इतक्या कडक अटी पाळणारे थोडेच. त्यामुळे सदस्यसंख्या कधीच मोठी झाली नाही. ब्रिटिश संबंध मान्य करणारी समाजाची राजकीय भूमिका पुढे अनेक तरुणांना पटली नाही. मात्र दुसऱ्या प्रतिज्ञेला गोखले अखेरपर्यंत जागले. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. मधुमेहाने जर्जर होऊन वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

आज आयुष्य वाहून घेणारे सेवक विरळा. आठवड्यातील दोन तास देणारेच अधिक. त्यांच्यासाठी सात प्रतिज्ञांची गरज नाही, एक साधे पत्र पुरेसे आहे. काम कोणते, किती दिवस, प्रवासखर्च कोणाचा, पावतीपुस्तक कोणाच्या ताब्यात, संस्थेच्या वतीने कोण बोलणार, काम करताना अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची आणि काम सोडावयाचे झाल्यास कसे, एवढे त्यात असले तरी पुष्कळ. आपल्याकडे असे पत्र मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी समजूत आहे. त्यामुळे उत्साहाने आलेला तरुण दोन महिन्यांत दिसेनासा होतो; संस्था त्याला बेजबाबदार म्हणते आणि तो संस्थेला कृतघ्न. बहुतेक वेळा दोघेही तसे नसतात, केवळ बोलणे आधी झालेले नसते. टिळक आणि गोखले यांच्यासारख्यांनाही जे केवळ सद्भावनेवर निभावता आले नाही, ते आपल्याला निभावेल असे मानणे धाडसाचे होईल.