मार्कोनी आणि तीन टिंबे

गुग्लिएल्मो मार्कोनी याचा जन्म इ. स. १८७४ मध्ये इटलीतील बोलोन्या या नगरात एका सधन कुटुंबात झाला. विजेच्या लहरी तारेवाचून अवकाशातून जातात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले होते. या लहरींच्या द्वारे दूरदेशी निरोप पाठवावेत, हा एकच ध्यास मार्कोनीने तरुणपणी घेतला.

त्याची खरी कसोटी १२ डिसेंबर १९०१ रोजी लागली. इंग्लंडमधील पोल्डू येथून मोर्सच्या लिपीतील ‘एस’ हे अक्षर, म्हणजे तीन टिंबे, पुनःपुन्हा पाठविली जात होती. सुमारे ३,४०० किलोमीटर दूर, अटलांटिक महासागराच्या पैलतीरी, न्यूफाउंडलंड बेटावर मार्कोनी कर्णयंत्र कानाला लावून बसला होता. पतंगाला बांधून उंच चढविलेली ग्राहक तार सोसाट्याच्या वाऱ्यात हेलकावे खात होती. अखेर खरखरीतून तीन क्षीण ठोके ऐकू आले. ते त्याचा सहायक केंप यानेही ऐकले.

जग चकित झाले. परंतु अनेक जाणत्यांना शंका आली. ऐकणारे दोघेच, कागदावर खूण नाही! वातावरणातील विजेची खरखरच संकेत वाटली नसेल कशावरून?

मार्कोनीने या शंकेला मोजमापाने उत्तर दिले. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया या आगबोटीने अमेरिकेस निघाला. या वेळी संकेत कागदी पट्टीवर उमटत होते व बोटीचा कप्तान साक्षीला होता. रात्री सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत पूर्ण संदेश वाचता आले. त्यापुढे सुमारे ३,४०० किलोमीटरपर्यंत केवळ टिंबे ओळखू आली. दिवसा मात्र सुमारे १,१०० किलोमीटरपलीकडे काहीच उमटेना. संकेत पोहोचणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे, हे यावरून स्पष्ट झाले.

१९०९ मध्ये ब्राउन या शास्त्रज्ञासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९२७ मध्ये त्याच्या पद्धतीने भारत व इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेश सुरू झाले. खडकीहून ते पाठविले जात व दौंडला घेतले जात. २० जुलै १९३७ रोजी मार्कोनी रोम येथे निवर्तला.

दौंडहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग माढ्यावरून जातो. आज माढ्याच्या शिवारात शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइलही तीच पारख क्षणोक्षणी करीत असतो. आलेल्या लहरीत संदेश किती व खरखर किती, याचा अंदाज घेऊन तो मनोऱ्याला कळवितो. मग मनोरा त्या मानाने संदेशाचा वेग कमीअधिक करतो. ऐकलेले पारखून घ्यावे, ही मार्कोनीची शिकवण यंत्रांनीही उचलली आहे.