फुलांचें गुपित उकलणारे मुख्याध्यापक

मुळ्याचा वाफा वेळीं न उपटतां तसाच राहूं दिला, म्हणजे मुळा जून होतो, त्यास दांडा फुटून पांढरीं-जांभळट फुलें येतात व त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडते. पुढें त्यांस डिंगऱ्या धरतात. माशी आली नाहीं तर डिंगरीही नाहीं, हा संबंध आज शाळेंत शिकवितात. परंतु तो प्रथम विस्तारानें मांडणाऱ्या गृहस्थास काय सोसावें लागलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

ख्रिश्चन कॉनराड स्प्रेंगेल यांचा जन्म इ. स. १७५० मध्यें जर्मनींतील ब्रांडेनबुर्ग शहरीं एका पाद्र्याच्या घरीं झाला. धर्मशास्त्राचें अध्ययन करून ते शिक्षक झाले व १७८० सालीं बर्लिनजवळील स्पांडाउ येथें मुख्याध्यापक झाले. तेथें प्रकृति बिघडली असतां डॉक्टर हाइम यांनीं त्यांस वनस्पतींचा नाद लाविला. औषध इतकें लागू पडलें कीं, रोग्याचें मन पुढें दुसऱ्या कशांत रमेना!

१७८७ सालीं रानांतील जिरेनियमच्या पाकळ्यांच्या तळाशीं त्यांस बारीक लव दिसली. आंतील मध पावसानें बिघडूं नये म्हणून ती असावी, असें त्यांनीं ताडिलें. मग मध तरी कोणासाठीं? कीटकांसाठीं. फुलाचा रंग कीटकास दुरून बोलावितो, पाकळीवरील ठिपके व रेषा त्यास मधाची वाट दाखवितात, आणि मध पितां पितां अंगास लागलेला पराग तो दुसऱ्या फुलास नेऊन पोहोंचवितो. उन्हांत फुलांपाशीं तासन्‌तास बसून त्यांनीं सुमारें ४६१ जातींचें निरीक्षण केलें व १७९३ सालीं २५ चित्रपटांसह मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ग्रंथाची कोणी फारशी दखल घेतली नाहीं. महाकवि गटे यांसही ती विचारसरणी रुचली नाहीं. इकडे शाळेकडे दुर्लक्ष होतें, अशी ओरड झाली. ती अगदींच खोटी होती, असें आम्हांसही म्हणवत नाहीं. १७९४ सालीं त्यांस पेन्शन देऊन दूर करण्यांत आलें. बर्लिनमध्यें एकटे राहून ते शिकवण्या करीत, व रविवारीं हौशी लोकांस रानांत नेऊन वनस्पति दाखवीत. १८११ सालीं त्यांनीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. मधमाशीचा खरा उपयोग मध-मेणाहून पिकांसच अधिक आहे, सबब सरकारनें मधमाश्या पाळाव्या, असें त्यांत सुचविलें होतें. १८१६ सालीं ते वारले.

पुढें १८४१ सालीं रॉबर्ट ब्राउन यांच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विन यांनीं तो जुना ग्रंथ वाचिला, आपल्या बागेंत स्वतः फुलें पाहून पडताळा घेतला, आणि स्प्रेंगेल यांची थोरवी आपल्या ग्रंथांतून जगापुढें मांडिली.