घोणशीच्या नावात उरलेला वैद्य

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत पावसाळा सुरू झाला, धानाच्या रोवणीची घाई उडाली की ग्रामीण रुग्णालयांच्या दारात सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. कोणी बांधावरून चालताना, कोणी गवत कापताना, तर कोणी उन्हाळ्यात तेंदूपाने तोडताना सापाच्या तडाख्यात सापडलेला असतो. साप कोणता होता, हे बहुतेकांना सांगता येत नाही. अशा वेळी डॉक्टर रुग्णाचे अवघे २ मिलिलिटर रक्त घेतात. चहाच्या अर्ध्या चमच्यापेक्षाही कमी. ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवून २० मिनिटे अजिबात हलवत नाहीत. मग नळी हळूच तिरकी करतात. रक्त गोठले असेल तर ठीक. ते पाण्यासारखे वाहिले, तर रक्तावर घाला घालणारे विष अंगात भिनले आहे, हे उघड होते. आपल्याकडे असे विष मुख्यतः घोणस आणि फुरसे यांचे. यांपैकी घोणशीच्या इंग्रजी आणि शास्त्रीय अशा दोन्ही नावांत एका स्कॉटिश वैद्याचे नाव कायमचे कोरले गेले आहे. पॅट्रिक रसेल हे ते वैद्य. भारतीय सर्पशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

रसेल यांचा जन्म एडिंबरोतला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले ते शहर वैद्यकशिक्षणासाठी नावाजलेले होते. त्यांचे थोरले सावत्र बंधू अलेक्झांडर हे सीरियातील अलेप्पो येथे इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेव्हंट कंपनीचे वैद्य होते. १७५० मध्ये पॅट्रिक त्यांच्याकडे गेले आणि तीन वर्षांनी बंधू परतल्यावर त्यांची जागा यांनी घेतली. १७६० ते १७६२ या काळात अलेप्पोवर प्लेगचे संकट कोसळले. रसेल यांनी त्या साथीच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. पुढे १७९१ मध्ये प्लेगवरील त्यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो याच नोंदींच्या बळावर. तेथील पाशाने त्यांना पगडी बांधण्याचा मान दिला होता. परक्या माणसाला सहसा न मिळणारा हा सन्मान. रुग्णाच्या लक्षणांची वेळेसह नोंद करायची, ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती अलेप्पोतच.

सुमारे वीस वर्षांच्या वास्तव्यानंतर ते मायदेशी परतले. लंडनमध्ये त्यांनी वैद्यकी सुरू केली आणि १७७७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. आयुष्याची उत्तरे प्रतिष्ठेत आणि स्वास्थ्यात जावीत, अशी ही स्थिती. परंतु त्यांचे बंधू क्लॉड यांची ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत विशाखापट्टणम येथे नेमणूक झाली आणि पन्नाशी उलटलेले पॅट्रिक त्यांच्यासोबत भारतात आले. १७८५ मध्ये कंपनीचे निसर्गशास्त्रज्ञ योहान कोनिग यांचे निधन झाले. त्यांच्या जागी कर्नाटक प्रांतासाठी, म्हणजे त्या काळच्या परिभाषेतील कोरोमंडल किनारपट्टीसाठी, रसेल यांची नियुक्ती झाली. ज्या गोदावरीला सिरोंच्याजवळ प्राणहिता मिळते, ती याच किनाऱ्याला समुद्राला मिळते. सिरोंच्याच्या परिसरात आजही तेलुगू कानी पडते. रसेल यांनी सापांची जी नावे टिपून घेतली, तीही तेलुगूच होती.

या किनाऱ्यावर येताच रसेल यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सापांची भीती सर्वांना होती. कोणता साप विषारी आणि कोणता बिनविषारी, याचे ज्ञान मात्र फार थोड्यांना होते. परिणामी बिनविषारी साप चावल्यावर बरा झालेला माणूस एखाद्या गोळीच्या किंवा मंत्राच्या गुणाने बरा झाला, असा समज पसरे. खरा विषारी दंश झाला की तोच उपाय निष्फळ ठरे आणि तोवर वेळ निघून गेलेली असे. विषारी सापांची खात्रीने ओळख पटवता आली, तर हा गोंधळ मिटेल, असा रसेल यांचा विचार होता. त्यांनी साप गोळा केले, त्यांचे खवले, दात आणि रंग यांची वर्णने लिहिली, चित्रे काढून घेतली. विषाचा परिणाम पाहण्यासाठी कुत्रे आणि कोंबड्या यांना दंश करवून लक्षणे आणि मृत्यूची वेळ टिपली. आजच्या दृष्टीला हे प्रयोग क्रूर वाटतील; पण त्या काळी विषाची तीव्रता जाणण्याचा दुसरा मार्ग नव्हता. सर्पदंशावर नामांकित असलेली तंजावरची गोळीही त्यांनी पारखून पाहिली.

या प्रयोगांत एका सापाने त्यांचे लक्ष विशेष वेधले. जाडजूड अंगाचा, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा असलेला. स्थानिक लोक त्याला कटुक रेकुल पोडा म्हणत. हीच आपली घोणस. अंगावरच्या नक्षीमुळे ती अजगराचे पिल्लू म्हणून खपून जाते आणि अनेकांचा घात होतो. प्राणघातकतेत नागाच्या खालोखाल हाच साप, असा निष्कर्ष रसेल यांनी काढला.

१७८९ मध्ये त्यांनी भारत सोडला. त्यांच्या पदावर विल्यम रॉक्सबर्ग आले. कोरोमंडलच्या वनस्पतींवरील रॉक्सबर्ग यांच्या प्रसिद्ध ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, ती रसेल यांनीच. १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्यांचा रंगीत चित्रांचा ग्रंथ प्रकाशित झाला. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने घोणशीचे शास्त्रीय नामकरण करताना त्यांचे नाव तिला दिले. दुसऱ्या खंडाचे भाग १८०१ पासून निघू लागले. परंतु ते काम पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २ जुलै १८०५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. उरलेले भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १८०९ पर्यंत बाहेर आले.

रसेल यांना सर्पदंशावर औषध सापडले नाही. रक्त कसे गोठते, हे त्यांच्या काळात कोणालाच ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचा एक धागा त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, त्यांचेच नाव धारण करणाऱ्या सापाने हाती दिला. १९३४ मध्ये ग्वीन मॅकफार्लेन आणि बर्जेस बार्नेट यांनी लंडनमध्ये दाखवून दिले, की घोणशीचे अतिशय विरल केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्तही झटपट गोठवते. हे विष रक्तातील दहावा आणि पाचवा घटक थेट कार्यान्वित करते, असे पुढे सिद्ध झाले. याच मॅकफार्लेन यांनी १९६४ मध्ये रक्त गोठण्याच्या क्रियांची साखळी मांडली. आजही एका विशिष्ट रक्तदोषाच्या निदानासाठी प्रयोगशाळेत घोणशीचे विरल विष वापरले जाते.

मग जे विष नळीत रक्त गोठवते, ते माणसाच्या अंगात रक्तस्राव कसा घडवते? उत्तर साधे आहे. दंशानंतर रक्तवाहिन्यांमध्ये गोठण्याची क्रिया सर्वत्र आणि एकाच वेळी सुरू होते. तीत फायब्रिनोजेनसारखे घटक खर्ची पडतात. गोठण्याचे साहित्यच संपल्यावर उरलेले रक्त गोठणार कशाने? हिरड्यांतून, लघवीतून, सुईच्या जागेतून ते झिरपत राहते. काचेच्या नळीतील २० मिनिटांची परीक्षा ही रिकामी झालेली शिदोरीच दाखवते.

या परीक्षेला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया चालू होते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी फसवते. रक्त गोठले म्हणजे धोका टळला, असेही नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर घाव घालते आणि त्यात रक्त व्यवस्थित गोठते. प्रतिविष दिल्यानंतर सहा तासांनी परीक्षा पुन्हा करतात, म्हणजे आणखी मात्रा हवी की नको हे कळते. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि त्याचा साठाही मर्यादित असतो. म्हणून हा निर्णय महत्त्वाचा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांसाठी बोटाच्या टोकावरील एका थेंबात तपासणी करणारी छोटी यंत्रे आता मिळतात. परंतु सर्पदंशात त्यांचे आकडे नेहमीच भरवशाचे ठरलेले नाहीत.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातली. भामरागड किंवा एटापल्लीच्या गावांतून दवाखान्यापर्यंतची वाट पावसात लांबते; आधी मांत्रिकाकडे गेलेला वेळ ती आणखी लांबवतो. गुण कशाने आला हे पारखून घेतल्याशिवाय मानू नये, हा रसेल यांचा आग्रह सव्वादोनशे वर्षांनंतरही या वाटेवर तितकाच मोलाचा आहे. विषारी दंश कोणता आणि बिनविषारी कोणता, हा प्रश्न घेऊन ते आयुष्याच्या उतारावर एका परक्या किनाऱ्यावर बसले होते. काचेची एक नळी आणि २० मिनिटांचा धीर, यांतून त्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तरी आज जंगलातल्या दवाखान्यात मिळू शकते.